स्वस्तातल्या सेन्सरने नाशिकचं तापमान मोजलं, त्याचा सगळा हिशोब

मार्च लागला की पेपरात रोज चौकट येते, नाशिकचा पारा इतक्या इतक्या अंशांवर. तो आकडा खोटा नसतो, पण तो एका जागेचा असतो. वेधशाळेच्या आवारात पांढऱ्या रंगाची, फटीफटींची लाकडी पेटी असते, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, चहूबाजूंनी मोकळी हवा, आत थर्मामीटरला ऊन लागत नाही, तिथला तो आकडा. जुन्या नाशकात दहीपुलाजवळच्या बोळात राहणाऱ्याला किंवा सिडको वसाहतीत पत्र्याखाली झोपणाऱ्याला तो आपला वाटत नाही यात त्यांची काही चूक नाही.

आमच्या ऑफिसात डबा खाताना यावर रोज वाद व्हायचे. एक जण म्हणणार माझ्या गाडीत ४५ दाखवत होतं, दुसरा मोबाईल पुढे करणार की हे बघ ३९च आहे. गाडीचा सेन्सर पुढच्या बंपरमागे असतो, खाली तापलेलं डांबर आणि मागे गरम इंजिन, सिग्नलला उभी राहिली की तो वाट्टेल ते दाखवतो. मोबाईलमधला आकडा तर बऱ्याचदा कुठल्या तरी मॉडेलने काढलेला अंदाज असतो, तुमच्या गल्लीत कुणी थर्मामीटर घेऊन उभं नसतं. मग म्हणलं एकदा आपणच मोजून बघू.

मी अकाउंट्सवाली, अंबडला एका कंपनीत जीएसटी आणि बिलं बघते, सोल्डरिंगची बंदूक कधी हातात धरलेली नव्हती. भाचा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला, त्याला प्रोजेक्ट पाहिजे होता आणि मला माणूस पाहिजे होता, असं जमलं. मराठीत शोधलं तर सेन्सर कसा जोडायचा याचे व्हिडिओ खूप सापडले, पण तो भिंतीवर कसा लावायचा, कुणाला विचारायचं, आलेल्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा, हे कुणी सांगेना. म्हणून जरा लांबण लावून लिहितेय.

खरेदी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. भाच्याचं म्हणणं होतं तापमान मोजायला डीएचटी २२ हा सेन्सर घेऊ, दोनशे रुपयांत येतो, सगळे तोच वापरतात. वाईट नाही तो, पण त्याची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश, आणि डीएचटी ११ तर दोन अंश. शहरातल्या दोन जागांमधला फरकच एक ते तीन अंशांचा असणार, त्यात एक सेन्सर अर्धा अंश वर आणि दुसरा अर्धा अंश खाली बोलला तर त्यातला एक अख्खा अंश सेन्सरच खाऊन टाकणार. म्हणून एसएचटी ३१ घेतले, त्याची अचूकता साधारण ०.२ अंश आणि आर्द्रता पण देतो, सव्वातीनशेला एक पडला. त्याच्याबरोबर ईएसपी३२ बोर्ड, म्हणजे सेन्सर वाचून आकडे लिहून ठेवणारा छोटा कॉम्प्युटर, वेळ राखायला डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल, एसडी कार्ड, १८६५० मापाचे दोन लिथियम सेल आणि चार्जिंगची छोटी पट्टी. वायफायच्या नादी लागलो नाही. प्रत्येक ठिकाणी कुणाचा तरी पासवर्ड मागायचा, त्यांनी राउटर बदलला की परत जायचं, त्यापेक्षा रविवारी सकाळी गाडीवर फिरून कार्ड कॉपी करून आणणं सोपं.

ऑनलाइन घेताना एक बघा. बीएमई२८० हा सेन्सर म्हणून सर्रास बीएमपी२८० पाठवतात, दिसायला सारखेच, पण बीएमपीत आर्द्रता नसते. आम्ही खोलीतल्यासाठी एक मागवला होता तो असाच निघाला. चिपचा आयडी वाचायचा छोटा कोड असतो, उत्तर ०x६० आलं तर बीएमई, ०x५८ आलं तर बीएमपी. पैसे परत मिळाले, पण बारा-तेरा दिवस गेले.

अजून दोन गोष्टी, ज्या कळल्यामुळे आमचे सेल वाचले. ईएसपी३२ झोपला की चिप स्वतः अगदी मायक्रोअँपमध्ये वीज खाते असं वाचून लोक खूश होतात, पण तयार बोर्डावरचा लाल एलईडी आणि रेग्युलेटर मात्र जागेच असतात, त्यामुळे सेल हिशोबापेक्षा खूप लवकर उतरतो. एलईडी उखडून टाकला. आणि पॉवरबँक वापरू नका, करंट अगदी कमी असला की तिला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती आपोआप बंद होते.

सेन्सर बोर्डापासून लांब ठेवला, हाताच्या वीतभर वायरवर, कारण बोर्ड चालू असताना स्वतः गरम होतो आणि तीच गरमी सेन्सर मोजत बसतो. जास्त लांब पण नको, या सेन्सरची वायर मीटरभराच्या पुढे गेली की रीडिंग तुटायला लागतात.

आता खरं किचकट काम, सगळे सेन्सर एकमेकांशी आणि खऱ्या तापमानाशी जुळवणं. मला एक तरी थर्मामीटर असा पाहिजे होता की ज्याच्यामागे कागद आहे. अकराशेचा एक डिजिटल थर्मामीटर घेतला आणि एमआयडीसीतल्या एका एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं मंडळ) मान्यता असलेल्या लॅबमध्ये कॅलिब्रेशनला, म्हणजे प्रमाणित यंत्राशी ताडून बघायला नेला. तिथे फक्त कंपन्यांचा माल येतो. काउंटरवरच्या मुलाने विचारलं कंपनीचं नाव, म्हणलं नाही, घरगुती. जीएसटी नंबर? नाही, अनरजिस्टर्ड व्यक्ती म्हणून बिल करा. मग परचेस ऑर्डर पाहिजे. हे सगळं मी रोज दुसऱ्यांकडून मागते त्यामुळे तयारीनेच गेले होते, एका कागदावर स्वतःच्या नावाने वर्क ऑर्डर आणि डिलिव्हरी चलन दोन प्रतींत. तरी अडलं, कारण यंत्रावर आयडी नंबर नव्हता, आणि नंबर नसलेल्या वस्तूचं सर्टिफिकेट निघत नाही. तिथेच पांढऱ्या टेपवर पेनाने टी-०१ लिहून चिकटवलं आणि झालं. चौदाशे रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, आठवड्याभरात सर्टिफिकेट. कुठल्या तापमानांना तपासायचं हे तुम्हाला विचारतात, १०, २५ आणि ४० सांगा, शून्य आणि शंभरचा आपल्याला उपयोग नाही. आमचा थर्मामीटर ४० ला ०.३ ने कमी दाखवतो असं निघालं. कमी दाखवतो याचं काही नाही, किती कमी हे कागदावर आलं म्हणजे मिळवून घेता येतं.

मग सगळे सेन्सर आणि टी-०१ एका थर्मोकोलच्या खोक्यात, शेजारी छोटा पंखा, खोकं घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीत, आठ-दहा दिवस. दर दहा मिनिटांनी रीडिंग. एक्सेलमध्ये घेतलं तर बहुतेक एकमेकांच्या ०.३ च्या आत, एक मात्र सतत जवळजवळ एक अंश वर, तो बाजूला काढला आणि दुसरा मागवला. उरलेल्यांचा फरक प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवला आणि पुढे प्रत्येक आकड्यातून तो वजा केला. वायरवाले, पाण्यात चालणारे डीएस१८बी२० सेन्सर घेतले असतील तर त्यांची शून्य अंशाची तपासणी घरी होते, आरओच्या पाण्याचा बर्फ बारीक फोडून थर्मासमध्ये थोड्या पाण्यात, सतत ढवळत. एसएचटी पाण्यात घालू नका, मरेल.

सेन्सरपेक्षा महत्त्वाची त्याची छत्री. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर अर्धी काळजी कमी झाली असती. गच्चीवर एक सेन्सर उघडा आणि एक सावलीच्या पिंजऱ्यात असे शेजारी-शेजारी लावून बघितले, दुपारी उघडा ४९ दाखवत होता आणि पिंजऱ्यातला ३८. हवा तीच. उघडा सेन्सर हवेचं तापमान मोजतच नाही, तो स्वतः उन्हात किती भाजलाय ते सांगतो. फेसबुकवर उन्हाळ्यात ५२ अंशांचे फोटो फिरतात ते सगळे असेच.

पिंजरा आम्ही कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिक प्लेटांचा केला. भांडी बाजारात पंचवीस रुपयांना एक मिळाली. प्रत्येक सेन्सरला सहा प्लेटा, सगळ्यात वरची आणि तिच्याखालची अखंड, बाकीच्यांच्या मध्ये तापवलेल्या सुरीने वाटीएवढं भोक. तीन बारीक थ्रेडेड रॉड, प्लेटांमध्ये बोटभर अंतर राहावं म्हणून मत्स्यालयाच्या नळीचे तुकडे, वरखाली नट. प्लेटा पालथ्या, म्हणजे पाऊस आणि ऊन दोन्ही आत जात नाही पण वारा जातो. प्लास्टिक जळल्याचा वास दोन दिवस घरातून जाईना, सासूबाईंनी शेवटी आम्हाला गच्चीत हाकललं.

एवढं करूनही, वारा पडलेला असला आणि ऊन डोक्यावर असलं की असा पिंजरा अंशभर जास्त दाखवतो. कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावून तपासलं, पंखा चालू केला की दुपारचा आकडा खाली यायचा. सगळीकडे पंखा लावणं शक्य नव्हतं, त्यामुळे मी तेव्हाच ठरवून टाकलं की दुपारच्या एका अंशावरून कुणाशी भांडायचं नाही. सूर्य मावळला की मात्र ही भानगडच राहत नाही. म्हणजे स्वस्त सेन्सर रात्री सगळ्यात खरं बोलतो. आणि शहराची गरमी रानापेक्षा वेगळी दिसते ती पण मुख्यतः रात्रीच, त्यामुळे हे आमच्या पथ्यावरच पडलं.

परवानगीचं प्रकरण मार्चमध्ये सुरू केलं. सुरुवातीला वाटायचं रस्त्याच्या खांबांवर लावू. कुठल्या कार्यालयात गेले ते लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी त्यांच्या परीने नीटच वागवलं आणि मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. खांब कुणाचा हेच आधी शोधावं लागतं, दिव्याचा खांब एकाचा आणि तारेचा दुसऱ्याचा, आणि काही ठिकाणी एकाच्याच खांबावर दुसऱ्याचा दिवा. अर्ज लिहिला, विषय: हवेचे तापमान मोजण्याचे छोटे यंत्र तात्पुरते बसविण्यास परवानगी मिळणेबाबत. आवकला दिला, पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, पुढच्या प्रत्येक वेळी आधी तोच विचारतात.

पहिल्यांदा उत्तर आलं की संस्थेच्या लेटरहेडवर द्या, व्यक्तीला देत नाही. भाच्याच्या कॉलेजमधल्या सरांनी पत्र दिलं. मग यंत्राचा फोटो, वजन, व्होल्टेज, नकाशावर जागा, आधारची प्रत, आणि नुकसान झाल्यास जबाबदारी आमची असं हमीपत्र, स्टॅम्पवर. शंभरचा स्टॅम्प आता चालत नाही, २०२४ च्या ऑक्टोबरपासून आपल्याकडे किमान पाचशेचा झालाय, वर नोटरी. मग एका साहेबांनी विचारलं, मॅडम यात कॅमेरा नाही ना, पुढे कुंभ आहे, वायरी दिसणारा डबा खांबावर दिसला की आम्हाला फोन येणार. मला ते पटलं. खरंच, २०२७ चा सिंहस्थ तोंडावर असताना पंचवटीत सेल आणि वायरी असलेला डबा कुणी टांगला तर लोक घाबरणारच की. डबा तिथेच उघडून दाखवला. ते म्हणाले खांब राहू द्या, बागेत लावा, तिथे माळी असतो, लक्ष राहील. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गंगापूर रोडच्या बाजूच्या एका बागेसाठी पत्र मिळालं, ३० जूनपर्यंत मुदत. तोवर आम्ही बाकीचे खासगी जागांवर लावायचं नक्की केलं होतं आणि खरं सांगायचं तर पहिल्यापासून तेच करायला पाहिजे, सरकारी खांब हा मोठा खटाटोप आहे आणि ओळखीतल्या भिंती भरपूर असतात.

प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली, हे हवेचे तापमान मोजण्याचे यंत्र आहे, यात कॅमेरा किंवा माईक नाही, खाली भाच्याचा नंबर. दोन ठिकाणी जवळच्या पोलीस चौकीत पण त्याची एक प्रत देऊन ठेवली. हवालदार दादांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले आमच्या चौकीत पण एक लावा, इथं काय भट्टी आहे ते कळेल वरच्यांना.

जागा अशा. एक आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत, सेक्रेटरी काकांनी सभेत ठराव मांडूनच ना-हरकत दिली. एक जुन्या नाशकात दहीपुलाजवळ आतेबहिणीच्या घराबाहेर, बोळ इतका अरुंद की समोरच्या घरातली भाजी कुठली ते फोडणीवरून कळतं. दोन सिडकोत, एक गल्लीत आणि एक पत्र्याच्या खोलीच्या आत. एक मखमलाबादला मैत्रिणीच्या द्राक्षबागेत, आणि एक ती बाग. उंची साधारण तीन मीटर, भिंतीपासून हातभर बाहेर आलेल्या पीव्हीसी पाईपच्या टोकाला. नियमाप्रमाणे सव्वा ते दोन मीटरच पाहिजे, पण शहरातल्या गल्लीत तीन मीटरवर हवेत फारसा फरक पडत नाही असं जागतिक हवामान संघटनेच्या शहरी मोजणीच्या मार्गदर्शनात पण म्हणलंय, आणि पोरांचा हात पोचत नाही हे जास्त महत्त्वाचं. गच्चीवर मुद्दाम लावला नाही, स्लॅबची धग येते. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर तर अजिबात नको.

आतेबहिणीच्या शेजारच्या आजी दोन दिवस त्या प्लेटांच्या मनोऱ्याकडे बघत होत्या, तिसऱ्या दिवशी खाली ज्वारीचे दाणे आणि पाण्याची वाटी. चिमण्यांसाठी लावलाय असंच त्यांनी ठरवलं होतं. वाटी फक्त थोडी लांब सरकवायला सांगितली.

बागेतला सेन्सर सगळ्यात गमतीचा निघाला. रविवारी कार्ड आणलं, ग्राफ काढला, तर रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला तापमान एकदम पाच-सहा अंश खाली आणि आर्द्रता थेट नव्वदच्या वर, अर्ध्या-पाऊण तासात परत जागेवर. भाचा म्हणे सेन्सर गेला. पुढच्या संध्याकाळी जाऊन बसलो. माळीकाका आले, पाईप चालू केला, हिरवळीला पाणी, गुलाबांना पाणी, आणि मग पाईप वर करून आमच्या पिंजऱ्याला एक छान आंघोळ. काका हे काय? तर म्हणाले, धूळ बसती ताई, पांढरं हाय ना, खराब दिसतं. त्यांच्या दृष्टीने ते यंत्राची निगा राखत होते. ओला पिंजरा म्हणजे माठच, पाणी उडून जाताना आतली हवा गार करतो, तो आकडा बागेचा नाही. त्यांना ग्राफ दाखवला, रोजची खाच कुठे पडते ते, तर खूश झाले, म्हणाले म्हणजे मी किती वाजता येतो ते बी कळतं का यात. त्यानंतर धुणं बंद, आणि वर स्वतःहून ओल्या फडक्याने खालचा खांब पुसायला लागले.

आकडे काय म्हणाले ते आता. ढोबळच सांगते, सहा सेन्सर आणि एक उन्हाळा एवढ्यावर मोठा दावा करायचा नाही.

दुपारी तीन वाजता शहर आणि शेत यात जवळजवळ फरक नाही, उलट बरेच दिवस मखमलाबाद थोडं वरच. भाच्याला हे पटेना, शेतात गार असलं पाहिजे असं त्याच्या डोक्यात. पण एप्रिलमध्ये द्राक्षबाग कशी असते? माल निघून गेलेला, खरड छाटणी झालेली, नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या जाड आडव्या फांद्या, आणि तारा, खाली तापलेली कोरडी माती. पानच नाही तर सावली कुठली आणि पानांतून पाणी उडून हवा गार होणार कशी. मे मध्ये नवीन फुटी वाढल्या तसं दुपारचं चित्र जरा बदललं. आणि जुन्या नाशकातला बोळ दुपारी चक्क सगळ्यात बरा, दोन्हीकडच्या भिंतींमुळे तिथे ऊन खाली उतरतच नाही, वाडे बांधणाऱ्यांना हे माहीत होतं.

रात्री सगळं उलटं. सूर्य मावळला की मखमलाबादचा आकडा धाडधाड खाली, आठ वाजेपर्यंतच अंगाला कळेल एवढा. बोळ मात्र हलत नाही. रात्री दहाला दोघांत तीन अंशांच्या आसपास फरक, वारा पडलेल्या आणि आकाश निरभ्र असलेल्या रात्री त्याहून जास्त, पहाटेपर्यंत दोनेक अंश उरायचाच. दिवसभर दगड-विटा-काँक्रीटने जी उष्णता पिऊन ठेवलेली असते ती रात्री बाहेर टाकतात, शेतात वर अख्खं आकाश मोकळं असतं, बोळात एका भिंतीने टाकलेली समोरची भिंत झेलते. वर हल्ली दर घराआड एसी, तो आतली गरमी त्याच बोळात फेकतो. दुपारी सुखाचा वाटलेला बोळ रात्री त्रास देतो तो यामुळे.

उपग्रहाचे लाल-निळे नकाशे बघून काही लोक म्हणतात की नाशिक शहर तर आजूबाजूच्या रानापेक्षा गार आहे. असे नकाशे देणारा लँडसॅट उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला जातो आणि पृष्ठभागाचं तापमान घेतो, हवेचं नाही. उन्हाळ्यातलं नांगरलेलं रान त्या वेळी लालच दिसणार. रात्री अकराला बोळात काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

हवामान खात्याच्या व्याख्येत सपाट भागात उष्णतेची लाट धरायला कमाल तापमान निदान ४० आणि सरासरीपेक्षा ते साडेचार अंशांनी तरी जास्त, किंवा मग थेट ४५. उष्ण रात्र अशी पण वेगळी व्याख्या आहे, दिवसा ४० किंवा वर आणि रात्रीचं किमान सरासरीपेक्षा साडेचार अंश वर. पण ते किमान परत पेटीतलंच. अंगाला रात्री विश्रांती मिळाली नाही की दुसऱ्या दिवसाचं ऊन जास्त बाधतं, आणि ते कुणाच्या खोलीत किती उतरलं हे पेपरच्या चौकटीत येत नाही.

त्यासाठीच तो सिडकोतला पत्र्याखालचा सेन्सर होता. तिथल्या मावशी ब्लाउज, फॉल-पिको करतात, खोली एकच, मशीन, पलंग, स्वयंपाक सगळं तिथेच. सेन्सर पलंगाच्या उंचीवर लावला आणि एक डीएस१८बी२० पत्र्याला आतून टेपने चिकटवला. मे मधल्या दुपारी पत्रा हात लावू देत नव्हता आणि खोलीतली हवा बाहेरच्या गल्लीपेक्षा चार-पाच अंश वर. रात्री अकरालाही ३४-३५, बाहेर गल्लीत तोवर बरंच उतरलेलं असायचं. मावशींना आकडे दाखवायला मला जरा अवघडल्यासारखं झालं, त्या तिथेच झोपतात, त्यांना हे सांगून मी काय देणार. त्या म्हणाल्या, मला रोज कळतंच होतं, आता तुमच्या यंत्रालाही कळलं.

त्यांच्या दिराने पत्र्यावर चुना मारला, चुन्यात थोडा फेविकॉल घालून, दोन हात. अहमदाबादने २०१० च्या भयंकर लाटेनंतर २०१३ मध्ये हीट अॅक्शन प्लॅन केला, तिथे पुढे पांढऱ्या छपरांचं हे काम वस्त्यांमधून झालं, ते मी त्यांना सांगितलं होतं. पत्र्याच्या आतल्या बाजूचं दुपारचं तापमान बरंच खाली आलं, खोलीतली हवा दोनेक अंशांनी. रात्रीचा फरक मात्र किरकोळ, पत्रा तसाही लवकर थंड होतो, रात्रीची गरमी भिंती आणि बंद खिडकीची होती. खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत आहे, तिथे चुन्याचा काही उपाय नाही.

खर्च विचाराल तर एक डबा पिंजऱ्यासकट पावणेदोन हजारांच्या आसपास पडला, असे सहा. लॅब, थर्मामीटर, स्टॅम्प, नोटरी, सोल्डरिंगचं सामान धरून साडेचौदा हजार, पेट्रोल वेगळं. कमी पैशात करायचं असेल तर दोनच डबे करा, एक दाट वस्तीत आणि एक गावाबाहेर, पण थर्मामीटरचं कॅलिब्रेशन वगळू नका. आणि सेल उन्हात ठेवू नका, लिथियमचे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आम्ही काढून घरी आणून रात्री चार्ज करायचो.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर बाहेरचे पाच उतरवले, पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवलेत. बागेची मुदत संपली म्हणून ऑक्टोबर हीटसाठी नवीन अर्ज टाकलाय, हमीपत्र परत नवीन स्टॅम्पवर मागितलंय. गणपती झाले की सगळे सेन्सर पुन्हा थर्मोकोलच्या खोक्यात एकत्र ठेवणार, एका उन्हाळ्यात कोण किती सरकलं ते बघायला. मावशींनी त्यांचा काढू दिला नाही, पावसाळ्यात खोलीत दमटपणा किती असतो ते पण बघू म्हणाल्या. सततच्या ओलीत एसएचटीचा आर्द्रतेचा आकडा हळूहळू सरकतो, निदान थेंब आणि धूळ तरी बसू नये म्हणून त्याच्यासाठी जाळीची टोपी मागवलीये, एकशेऐंशी रुपये, शनिवारपर्यंत यायला पाहिजे.